स्टीमओएस ३.७.८: मिरगाच्या पावसात घातलेलं अपडेट

स्टीम डेक म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर. तो बेळगावात कुठल्याच दुकानात मिळत नाही. कंपनी तो भारतातच अधिकृतपणे विकत नाही, तर खडेबाजारात कुठून मिळणार? तरी मी एकदा हौसेनं विचारून बघितलं होतं. दुकानदारानं खालच्या खणातून पिवळ्या रंगाचं एक डबडं काढलं, ‘चारशे गेम आहेत बघा, टीव्हीला पण लागतंय’ म्हणाला, आणि मी काही न बोलताच साडेसातशेवरून साडेपाचशेवर आला. त्याचं काही चुकलं नाही. हातात धरून खेळायचं यंत्र म्हटल्यावर तो दुसरं काय दाखवणार?

माझा डेक मावसभावानं २०२३ साली जर्मनीहून बॅगेतून आणला. एलसीडी पडद्याचा, २५६ जीबीचा. म्हणजे इथं ना वॉरंटी, ना सर्व्हिस सेंटर. बंद पडला तर मावसभाऊ पुढच्या खेपेला येईपर्यंत फडताळात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण डेकची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे स्टीमओएस, आणि पुढं मी तिच्या ३.७.८ या अपडेटला जे काही टक्केटोणपे दिलेत ते या भीतीपोटी दिलेत.

दुसरं कारण माझ्या धंद्याचं. मी उद्यमबागेत मशीन मेंटेनन्सला आहे, वीस वर्षं होतील आता. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत आमच्या एका जुन्या सीएनसीच्या, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर लोखंड कापणाऱ्या मशीनच्या, कंट्रोलरची बॅटरी उतरली. त्या पिढीच्या मशीनमध्ये सगळे पॅरामीटर बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असायचे. बॅटरी मेली की मशीनला आपलं नावसुद्धा आठवत नाही. पॅरामीटरचा छापील कागद कपाटात होता म्हणून वाचलो. दोन दिवस एकेक आकडा हातानं भरला. मी वाचतोय, येळ्ळूरचा पोरगा बटणं दाबतोय. त्या दिवसापासून कुठल्याही यंत्रात नवीन काही घालायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: मागं यायची वाट कुठाय? नवीन काय मिळणार ते नंतर बघू.

हे अपडेट मे २०२५ मध्ये स्थिर म्हणून आलं. स्टीमओएस ही आर्च लिनक्सवर उभी आहे. यावेळी तिचा पाया नवा आलाय, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा ६.११ झालाय आणि डेस्कटॉप प्लाझ्मा ५.२७ वरून ६.२.५ वर गेलाय. दुसऱ्या कंपन्यांच्या हातयंत्रांसाठीही यात बरंच काम झालंय, त्याच्याशी मला देणंघेणं नाही. मला हवी होती ती एकच गोष्ट: बॅटरी किती टक्क्यांवर थांबवायची ते ठरवायची सोय. माझा डेक आठवड्यातले पाच दिवस टीव्हीखाली, डॉकला म्हणजे टीव्ही-चार्जर जोडायच्या ठोकळ्याला जोडलेला, चार्जर लागलेला असतो. लिथियमची बॅटरी सतत शंभरावर आणि वर गरम ठेवली की लवकर म्हातारी होते, हे मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्यांवरून सगळ्यांना कळलंय.

तरी मी महिनाभर घातलं नाही. शहापूरचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो दर रविवारी येऊन तेच सुरू करायचा. “मामा, घाल की अपडेट. काय होत नाही.” त्याला तर मी प्रिव्ह्यू वाहिनीवर जायला हवा होतो. डेकच्या सेटिंगमध्ये सिस्टिमखाली तीन वाहिन्या असतात: स्टेबल, बीटा आणि प्रिव्ह्यू. प्रिव्ह्यू म्हणजे रंग वाळायच्या आधी बाकावर बसणं. मी स्टेबलवरच राहिलो, आणि शेवटी जूनमधल्या एका शनिवारी रात्री बसलो.

मिरगाचा पाऊस लागला होता. आमच्याकडं लाईट जात नाही, करंट जातो. आणि अनगोळात पावसाळ्यात तो कधी जाईल याचा नेम नाही. साडेनऊला डाउनलोड लावलं, पावणेदहाला करंट गेला. डेकचं काही बिघडलं नाही, त्याच्या पोटात स्वतःची चाळीस वॉट-तासाची बॅटरी आहे. पण राउटर मेला, कारण इन्व्हर्टरवर मी फक्त दोन बल्ब आणि आईच्या खोलीतला पंखा ठेवलाय. पडद्यावर अपडेट अडकल्याचा निरोप आला. अंधारात माझ्या तोंडावर तेवढा एकच उजेड.

“काय करालास रे त्या पाटीवर?” आतून आई. “मेणबत्ती तरी लाव.”

“अपडेट घालालोय आई.”

“मग करंट आल्यावर घाल की.”

तिचं बरोबर होतं, पण मला नेमकं हेच बघायचं होतं. डेकमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एक नाही, दोन खण असतात, प्रत्येकी पाच जीबीचे. तुम्ही ज्या खणातून मशीन चालवताय त्याला अपडेट हात लावत नाही. नवीन सिस्टिम दुसऱ्या खणात लिहिली जाते, तीही बदललेले तुकडे तेवढे उतरवून. लिहून पूर्ण झालं की रीस्टार्ट करताना यंत्र नव्या खणातून उठतं आणि जुना तसाच बाजूला राहतो. तुमचे खेळ, सेव्ह, फोटो, सगळं तिसरीकडं, होम विभागात. शेतकऱ्यांना हे समजावायची गरज नाही: एका वाफ्यात पीक उभं असताना शेजारच्या वाफ्यात तरू टाकायचं. ज्यांच्याकडं ६४ जीबीचा डेक आहे त्यांना हे दहा जीबी टोचतात, मला मान्य आहे. मला विचाराल तर मी आणखी पाच द्यायला तयार आहे.

वीस मिनिटांनी करंट आला. पुन्हा सुरू केलं, आणि पट्टी निम्म्याच्या पुढं गेल्यावर पॉवरचं बटण दाबून धरलं. दहा-बारा सेकंद. पडदा काळा. माझी बायको शेजारीच भाजी निवडत बसली होती, तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. जर्मनीचा तो माल आहे हे तिला ठाऊक आहे.

पुन्हा बटण दाबलं. आवाज आला, लोगो आला, आणि जुनी सिस्टिम जशीच्या तशी समोर. अर्धवट लिहिलेल्या खणाकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. अपडेट पुन्हा पहिल्यापासून मागायला लागलं तेवढंच.

हा उपद्व्याप बायोसच्या, म्हणजे यंत्राला मुळात उठवणाऱ्या प्रोग्रामच्या, अपडेटला करू नका. ते वेगळं प्रकरण. सिस्टिमच्या अपडेटबरोबर कधी कधी बायोसचं अपडेटही येतं, रीस्टार्ट करताना त्याची वेगळी पट्टी दिसते, आणि तिथं दोन खणांची ही सोय गृहीत धरायची नाही. त्या वेळी चार्जर लावायचा, हात मांडीखाली घ्यायचे आणि गप्प बसायचं. मी सीएनसीच्या बाबतीतही तेच करतो.

तिसऱ्या खेपेला सगळं सुरळीत उतरलं. नवीन खणातून उठल्यावर मी खेळ वगैरे काही उघडला नाही. आधी मागं जाऊन बघितलं. यंत्र पूर्ण बंद करायचं, उजवीकडचं तीन टिंबांचं बटण दाबून धरायचं आणि पॉवर दाबायचं. आवाज आला की पॉवर सोडायचं, टिंबं धरून ठेवायची. एक साधी यादी येते, त्यात आत्ताची सिस्टिम आणि आधीची. आधीची निवडली, ती उठली. तिथून पुन्हा नवी निवडली, ती उठली. दोन्हीकडं जाऊन आल्यावर मग चहा घेतला. भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, तू गेम खेळतोस की फायर ड्रिल करतोस?”

खेळाचं सांगायचं तर फरक नाही. युरोपातल्या रस्त्यांवरून ट्रक हाकायचा एक खेळ मी वर्षभर खेळतोय. दिवसभर लोखंडात काढल्यावर रात्री कुणाचा तरी टोमॅटो मिलानला पोचवण्यात बरं वाटतं. त्यात एक ठरलेला रस्ता, ठरलेला माल, पाऊस बंद, असा अपडेटच्या आधी एक फेरा आणि नंतर एक फेरा केला. माझ्या डोळ्याला काही वेगळं दिसलं नाही आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेग आणि वीज दाखवणाऱ्या आकड्यांनाही दिसलं नाही. रात्रभर झोपवून ठेवलं की सकाळी बॅटरी तीन-चार टक्के कमी व्हायची, अजूनही तेवढीच होते. फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढतील म्हणून अपडेट करणार असाल तर निवांत घरी बसा. डेस्कटॉप जरा नीटनेटका वाटतो, माझ्या डॉकवर टीव्ही पहिल्या झटक्यात ओळखला जातो. डॉक स्थानिक बाजारातला, बिननावाचा, त्यामुळं श्रेय नक्की कुणाचं ते सांगवत नाही.

भाषेच्या यादीत डोकावून आलो, दरवेळी येतो. मराठी नाही. कन्नडही नाही. हिंदीसुद्धा नाही. सीमाप्रश्नात दोन्ही बाजूंना इतका सारखा न्याय दुसऱ्या कुणी दिलेला माझ्या बघण्यात नाही.

आता बॅटरीची मर्यादा. सेटिंगमध्ये पॉवरखाली आहे, मी ८० ठेवली. दोन आठवडे टीव्हीखाली चार्जर लावून ठेवला आणि रोज सकाळी कामावर जाताना बघितलं. ८०. संध्याकाळी ८०. त्याच्या पुढं यंत्र चार्जरवर चालतं, बॅटरीत आणखी भरत नाही. हात लावला तर पाठही आधीपेक्षा कमी तापलेली वाटते, पण ते पावसाळ्यामुळंही असेल. मे महिन्यात सांगतो.

याचा तोटा असा की बाहेर जायच्या आदल्या रात्री मर्यादा काढायची आठवण ठेवावी लागते, आणि ती मला राहिली नाही. जुलैत कोल्हापूरला पाहुण्यांकडं बारसं होतं. सकाळी बसमध्ये बसल्यावर बघतो तर ८० टक्के. म्हणजे चाळीसपैकी बत्तीस वॉट-तास. बेळगाव ते कोल्हापूर अडीच तास धरले तर सरासरी तेरा वॉटच्या आत राहायला हवं, आणि पूर्ण जोर लावला तर डेक सगळा मिळून त्याच्या जवळजवळ दुप्पट खातो. काकती यायच्या आत हिशेब मांडून झाला. बायको खिडकीतून बघत म्हणाली, “अहो, बारशाला चाललोय ना आपण?”

पडद्याचा उजेड निम्म्यावर. चिपची वीज सहा वॉटवर बांधून टाकली. आणि फ्रेम चाळीस, पडदाही चाळीस हर्ट्झ. या चाळीसचं एक गणित मला फार आवडतं. साठ फ्रेमला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांत येतं, तीस फ्रेमला ३३.३ मध्ये. चाळीसला बरोबर २५, म्हणजे दोघांच्या अगदी मध्ये. आकडा बघितला तर तीसच्या जवळचा, पण डोळ्याला साठच्या दिशेनं निम्मं अंतर कापून ठेवलेलं असतं. वीज मात्र साठची जात नाही. माझ्यासारख्या ट्रकवाल्याला एवढं पुरे. कोपऱ्यातला आकडा साडेनऊ ते दहा वॉटच्या मध्ये घुटमळत राहिला.

यमकनमर्डीला कंडक्टर तिकिटं काढत मागं आला. “साऊंड कम्मी माड्री,” म्हणाला. कमी केला. मग तोच उभा राहून बघत बसला आणि विचारलं, गाडी कुठली आहे ही? स्वीडनची म्हटलं. गिअर कसे टाकायचे तेही विचारलं. संकेश्वर सुटलं, तवंदी घाटात माझा ट्रक आल्प्स उतरत होता आणि बस घाट उतरत होती, पोटात जरा ढवळलं म्हणून निपाणीपर्यंत झोपवून ठेवला. उठवला तर जिथं होतो तिथंच, एका सेकंदात. कोगनोळीचा नाका गेला, दूधगंगा गेली, फोनवर महाराष्ट्रात स्वागत आलं. कोल्हापूरच्या स्टँडवर २९ टक्के शिल्लक. घाटातली विश्रांती सोडून जवळजवळ दोन तास दहा मिनिटं खेळ झाला होता. हिशेब जुळला की मला बारशाच्या घुगऱ्यांपेक्षा जास्त आनंद होतो, हे तिथं कुणाला सांगितलं नाही.

आता माझी चूक.

आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाची पत्रकं मीच टाइप करतो. डेकला कीबोर्ड आणि टीव्ही जोडला की तो पुरा कॉम्प्युटर आहे, वेगळा घ्यायची गरज पडली नाही. ऑगस्टमध्ये वर्गणीचं पत्रक काढायचं ठरलं, डेस्कटॉप उघडला, आणि मराठी गायब. गेल्या वर्षी मी काय केलं होतं ते मग आठवलं. डेकची सिस्टिम वाचण्यापुरतीच उघडी असते, त्यात लिहिता येत नाही. मी हुशारी करून ते कुलूप आज्ञा देऊन काढलं होतं आणि पॅकमॅन या आर्चच्या पॅकेज बसवायच्या साधनानं मराठी टायपिंगचं एक पॅकेज आत बसवलं होतं. पण तो खण आता जुना झाला. नवीन खण कारखान्यातून आला तसा कोरा. दोन खणांच्या ज्या व्यवस्थेचं मी एवढं कौतुक केलं तिचंच हे दुसरं टोक, आणि ते कुणी लपवून ठेवलेलं नाही. सिस्टिममध्ये घुसवलेलं पुढच्या अपडेटला जाणार. फ्लॅटपॅकनं, म्हणजे सिस्टिमला हात न लावता, घेतलेली अ‍ॅप आणि होममधल्या गोष्टी राहणार. मी वीस वर्षं मेंटेनन्सला असून यादी करून ठेवली नव्हती.

पुन्हा कुलूप काढायला हात गेला होता. भाचा शेजारी बसलेला, तो म्हणाला थांब. त्यानं प्लाझ्माच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड उघडला, त्यात लेआउट, त्यात भारत. खाली सरकवत गेला. मराठी होतंच तिथं. पहिल्यापासून. काही बसवायची गरजच नव्हती. आणि ही निवड होममध्ये नोंदली जाते, म्हणजे अपडेटला धक्का लागत नाही.

मराठीचे तिथं दोन प्रकार दिसले. एक इनस्क्रिप्ट, सरकारी प्रमाण मांडणीचा. दुसऱ्यापुढं लिहिलेलं ‘कगप’. उच्चाराप्रमाणं टायपायचा, के दाबलं की क. मला तोच सोपा पडला, पाच मिनिटांत हात बसला. कगप म्हणजे काय ते भाच्यानं शोधलं आणि हसत सुटला. कन्नड गणक परिषद. त्यांनी बसवलेल्या कळांच्या मांडणीवरूनच लिनक्समधला हिंदी, संस्कृत आणि मराठीचा हा आराखडा आलाय.

पत्रक तासाभरात झालं. सत्तावीस ऑगस्टला चतुर्थी, त्याआधी वर्गणी, रक्तदान, मुलांच्या स्पर्धा, सगळं एका पानात. कार्याध्यक्ष काका वाचायला घेऊन बसले. ते पन्नास वर्षं मंडळात आहेत, मराठीच्या प्रत्येक मोर्चात पुढं असतात, आणि एक अनुस्वार सुटला तर पान परत पाठवतात. काही चूक सापडली नाही.

“अक्षर छान उठलंय. कुठलं सॉफ्टवेअर हे?”

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी खरं ते सांगितलं.

काकांनी चष्मा काढला. “कन्नड गणक परिषद?”

“होय काका. टायपिंग त्यांचं.”

“आणि पत्रक मराठीतच आलंय ना सगळं?”

“सगळं मराठीतच आलंय.”

त्यांनी चष्मा परत लावला, पान पुन्हा एकदा वरून खाली वाचलं.

“मग छाप की. पाचशे काढ.”